सुटका झाली, पुढे काय?

व्ही. शांताराम यांचा 'दो आंखे बारह हाथ' हा 1957 चा सिनेमा. तुम्ही तो पाहिला नसेल, पण त्यातली प्रार्थना शाळेच्या मैदानावर रांगेत उभं राहून म्हटली असण्याची शक्यता बरीच आहे. गोष्ट साधी आहे. एक जेलर खून केलेल्या सहा कैद्यांना तुरुंगाबाहेर एका ओसाड माळावर घेऊन जातो. बेड्या नाहीत, भिंत नाही. तिथे ते शेती करतात, पळून जायची संधी असूनही थांबतात आणि हळूहळू माणसात येतात. बर्लिनच्या महोत्सवात या सिनेमाचं कौतुक झालं, राष्ट्रपतींचं सुवर्णपदकही मिळालं.

कथा ग. दि. माडगूळकरांची. गदिमांचं जन्मगाव शेटफळे, आज सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्यात येतं. त्याच तालुक्यात स्वतंत्रपूर नावाची एक वसाहत आहे, तिच्यावरून ही कथा सुचली. म्हणजे सिनेमातला माळ खरा होता आणि त्यावरचे कैदीही.

सिनेमा बदलाची गोष्ट सांगतो. त्यानंतर येणारा प्रश्न मात्र फारसा कुणी विचारत नाही. शिक्षा संपली, फाटक उघडलं, माणूस रस्त्यावर आला. दुसऱ्या दिवशी तो कुठे झोपतो? काय खातो? त्याला काम कोण देतं? आणि या सगळ्याचा विचार करणं हे सरकारचं काम आहे का? आपल्याकडे या प्रश्नाला दीडशे वर्षांहून जुना इतिहास आहे. सरकारनं या 'नंतर'चा विचार केलाच नाही, असं म्हणता येणार नाही. पण तो कशासाठी केला, हे पाहिलं की बऱ्याच गोष्टी उलगडतात.

काळ्या पाण्यावरची शेती

1857 च्या उठावानंतर, 1858 मध्ये इंग्रजांनी अंदमानात कैद्यांची वसाहत सुरू केली. अंदमान म्हटलं की आपल्याला सेल्युलर जेल आठवतं. पण ते बांधून पूर्ण झालं 1906 मध्ये. त्याआधीची जवळपास पन्नास वर्षं अंदमान हे कोठड्यांपेक्षा वसाहतीचं ठिकाण होतं.

तिथे एक पद्धत होती. काही वर्षं सक्तमजुरी करून ज्याची वागणूक चांगली ठरे, त्या कैद्याला एक परवाना मिळायचा. मग तो स्वतःच्या कमाईवर जगू शके. जमिनीचा तुकडा कसायचा, जनावरं पाळायची, परवानगीनं लग्न करायचं किंवा घरचं कुटुंब बोलावून घ्यायचं. शिक्षा झालेल्या स्त्री-पुरुषांची लग्नं लागली, मुलं झाली, गावं वसली. त्यांचे वंशज आजही अंदमानात आहेत.

जमीन, काम, कुटुंब. शिक्षेनंतर माणसाला उभं करणाऱ्या तिन्ही गोष्टी इथे होत्या. फक्त सरकारचा हेतू वेगळा होता. बेटावर जंगल होतं, ते साफ करायला आणि तिथे वस्ती करायला माणसं हवी होती. शिवाय मूळ गावी परत पाठवण्याचा खर्च आणि धोका नको होता. तेव्हा ही सोय समुद्रापलीकडे होती. मुख्य भूमीवरच्या तुरुंगातून सुटणाऱ्याला असं काही मिळत नव्हतं.

मुख्य भूमीवरचे तुरुंग ज्या कायद्यानं चालत, तो 1894 चा. त्यात कोठडी, काम, आहार, आजारपण, बेड्या, फटके या सगळ्याचे नियम आहेत. सुटकेनंतरच्या आयुष्याचा विचार मात्र त्यात जवळपास नाही. याच्या शेजारी 1898 ची फौजदारी प्रक्रिया संहिता ठेवून पाहा. तिच्या कलम 565 नुसार, पुन्हा गंभीर गुन्हा केलेल्या माणसाला शिक्षा देताना न्यायालय आणखी एक हुकूम देऊ शकत होतं: सुटल्यावर पाच वर्षांपर्यंत आपला पत्ता आणि पत्त्यातला बदल कळवत राहायचा.

पत्ता सांगण्याची सक्ती होती. पत्ता असावा म्हणून मदतीची तरतूद नव्हती. हे कलम 1973 च्या संहितेत 356 या क्रमांकानं टिकलं, आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही ती तरतूद आहे.

सोलापूरची तार

मुंबई इलाख्यात सरकारनं 'नंतर'चं सर्वांत मोठं नियोजन केलं ते सोलापुरात. आणि ते ज्यांच्यासाठी केलं, त्यांतल्या बहुतेकांनी गुन्हाच केलेला नव्हता.

1871 चा गुन्हेगार जमाती कायदा सुरुवातीला उत्तर भारतापुरता होता. 1911 मध्ये त्याची व्याप्ती वाढली आणि आपल्याकडच्या अनेक भटक्या जमाती त्यात आल्या. त्या जमातीत जन्माला आलात की तुमचं नाव पोलिसांच्या नोंदवहीत. हजेरी द्यायची, गाव सोडताना पास घ्यायचा. मग सोलापुरात तारेच्या कुंपणाची वसाहत उभी राहिली. लोक तिला 'सेटलमेंट' म्हणू लागले. इलाख्यातल्या अशा वसाहतींची सूत्रं बरीच वर्षं स्टार्ट नावाच्या सनदी अधिकाऱ्याच्या हाती होती.

योजना म्हणून पाहिली तर ती पक्की होती. घर होतं, शाळा होती, आणि सोलापूरच्या कापड गिरण्यांना कामगार हवेच होते. तारेच्या आत अनेक वर्षं नीट वागलेल्या कुटुंबाला तारेबाहेरच्या वस्तीत जागा मिळे. त्या बाहेरच्या वस्तीचं नाव 'फ्री कॉलनी'. सोलापुरात आजही 'सेटलमेंट फ्री कॉलनी' हा पत्ता लिहिला जातो. रिक्षावाल्याला सांगा, तो सोडेल. पण त्या 'फ्री' शब्दाच्या आधी तार होती, हे बाहेरून आलेल्याला ठाऊक नसतं.

31 ऑगस्ट 1952 रोजी हा कायदा देशभर रद्द झाला. म्हणून त्या दिवशी 'विमुक्त दिन' पाळतात. जमाती 'विमुक्त' झाल्या, पण नोंदवही पूर्णपणे बंद झाली नाही. राज्यांनी सराईत गुन्हेगारांसाठी वेगळे कायदे केले. मुंबई राज्याचा असा कायदा 1959 चा. कागदावर आता जातीचा उल्लेख नव्हता, एकेका माणसाचा होता. प्रत्यक्षात पोलिसांची नजर त्याच वस्त्यांवर राहिली. लक्ष्मण गायकवाड यांचं 'उचल्या' वाचलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. अगदी 2024 च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाला सुकन्या शांता या पत्रकाराच्या याचिकेवर निकाल देताना, तुरुंगाच्या नियमावल्यांतले जातीवर आधारलेले भेदभाव आणि विमुक्त जमातींना जन्मतः गुन्हेगार मानणारे उल्लेख रद्द करावे लागले.

सोलापूरचा धडा महत्त्वाचा आहे. सरकारनं पुनर्वसनाचा आराखडा आखला एवढ्यानं तो माणसाच्या बाजूचा होत नाही. घर आणि काम देणारा हात जर रोज हजेरीही घेत असेल, तर तुरुंग फक्त मोठा झालेला असतो.

आटपाडीचा माळ

याच काळात शेजारी एक लहान संस्थान वेगळ्याच वाटेनं निघालं होतं. औंध. बहात्तर गावांचं राज्य, राजे भवानराव पंतप्रतिनिधी, सूर्यनमस्काराच्या प्रचारासाठी प्रसिद्ध. त्यांनी आणि त्यांचे पुत्र अप्पासाहेब पंत यांनी गांधीजींचा सल्ला घेऊन 1939 मध्ये प्रजेच्या हाती कारभार देणारी राज्यघटना आणली. या कामात त्यांच्याबरोबर होते मॉरिस फ्रीडमन. पोलंडचे ज्यू इंजिनिअर, नोकरीनिमित्त बंगळूरला आले आणि गांधीमार्गाला लागले. निसर्गदत्त महाराजांची मराठी निरूपणं पुढे इंग्रजीत नेणारे फ्रीडमन ते हेच.

1939 मध्येच आटपाडीजवळ स्वतंत्रपूर सुरू झालं. कल्पनेचं श्रेय फ्रीडमन यांना दिलं जातं. कैद्यांनी भिंतीआड न राहता शेतावर राहायचं. बायकामुलांना सोबत आणायचं. जमीन कसायची, राबायचं, संसार करायचा. आटपाडी हा दुष्काळी भाग, तेव्हा शेती ही काही मौज नव्हती. पण वसाहतीच्या नावातच 'स्वतंत्र' होतं, आणि तुरुंगाच्या जागेला असं नाव द्यायचं धाडस त्या काळात दुसऱ्या कुणी केलेलं दिसत नाही.

अंदमानातल्या तिन्ही गोष्टी इथेही आहेत: जमीन, काम, कुटुंब. पण इथून माणूस परत आपल्या गावी, आपल्या माणसांत जाणार होता. सुटकेच्या दिवशी त्याचं कुटुंब तुटलेलं नसणार, हाताची सवय गेलेली नसणार. थोडक्यात, 'नंतर'ची तयारी शिक्षा चालू असतानाच होत होती. त्यासाठी नवं खातं किंवा मोठी इमारत लागली नाही. विश्वास ठेवण्याची जोखीम तेवढी घ्यावी लागली.

1948 मध्ये औंध मुंबई राज्यात विलीन झालं, पण स्वतंत्रपूर टिकलं. ते आजही महाराष्ट्राच्या कारागृह विभागाकडे आहे. मात्र तिथे राहू शकणारे बंदी अगदी थोडे.

स्वातंत्र्यानंतर खुल्या तुरुंगांची कल्पना इतरत्रही रुजली. उत्तर प्रदेशात संपूर्णानंद यांच्या पुढाकारानं 1952 मध्ये चंद्रप्रभा नदीवरच्या धरणाच्या कामावर कैद्यांचं खुलं शिबिर भरलं. हेच संपूर्णानंद पुढे राजस्थानचे राज्यपाल झाले आणि 1963 मध्ये जयपूरजवळ सांगानेरचं खुलं शिबिर सुरू झालं. तिथले बंदी कुटुंबासह राहतात, सकाळी शहरात कामाला जातात, संध्याकाळी हजेरीला परत येतात. जेवण सरकार देत नाही, ते स्वतः कमावून खातात. सुटकेच्या दिवशी त्यांच्याकडे बहुधा आधीच नोकरी असते. महाराष्ट्रात पैठण आणि येरवड्याला खुली कारागृहं आहेत. पण तिथे पोचतात ते शिक्षा झालेले, बरीच वर्षं काढलेले, चांगल्या वागणुकीचे निवडक बंदी. बाकीच्यांना त्याच उंच भिंती.

समित्यांची वर्षं

1919-20 च्या तुरुंग समितीनं, कार्ड्यू समितीनं, तुरुंगाचा हेतू माणूस सुधारणं हा असावा असं स्पष्ट म्हटलं होतं. सुटलेल्यांना मदत करण्याचं काम मात्र धर्मादाय मंडळांकडे राहिलं. मंडळ चालवणारे शहरातले प्रतिष्ठित लोक, निधी देणग्यांचा. देणगी आटली की मदत आटली.

स्वतंत्र भारतात हे चित्र बदलेल अशी आशा होती. केंद्रीय समाजकल्याण मंडळानं नेमलेल्या समितीचा 'पश्चात सेवां'वरचा अहवाल 1955 मध्ये आला. समितीचे अध्यक्ष होते मा. स. गोरे. टाटा समाजविज्ञान संस्थेचे पुढे संचालक झालेले आणि नंतर मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झालेले तेच हे गोरे. तुरुंगातून, बालगृहातून, निरनिराळ्या संस्थांतून बाहेर पडणाऱ्या माणसाची पुढची सोय हे शासनाचं रीतसर काम आहे, हा विचार इथे पहिल्यांदा सरकारी आराखड्याच्या रूपात मांडला गेला. योगायोग असा की त्याच वर्षी जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेनं कैद्यांविषयीचे किमान नियम मान्य केले. शिक्षेच्या पहिल्या दिवसापासून सुटकेनंतरच्या आयुष्याचा विचार व्हावा, हा त्यातला एक नियम.

मग 1960 ची आदर्श कारागृह नियमावली. मग 1980 ते 83 ची न्यायमूर्ती मुल्ला समिती. मग 2016 ची नवी आदर्श नियमावली, मग 2023 चा आदर्श कायदा. हे सगळे दस्तऐवज पुनर्वसनाबद्दल बोलतात. 2016 च्या नियमावलीत तर माणूस आत आल्यापासूनच त्याच्या पश्चात सेवेचं नियोजन सुरू करा, असं म्हटलं आहे.

मग अडतं कुठे? 'आदर्श' या शब्दातच उत्तर आहे. तुरुंग हा राज्यांच्या अखत्यारीतला विषय. केंद्र नमुना पाठवतं, तो घ्यायचा की नाही हे राज्य ठरवतं, आणि पैसाही राज्यालाच उभा करायचा असतो. दुसरी अडचण खात्यांची. महाराष्ट्रात कारागृह गृह विभागाकडे आहे. परिवीक्षा अधिकारी महिला व बालविकास विभागाकडे. घर, रोजगार, आरोग्य यांची आणखी वेगळी खाती. तुरुंगाचं फाटक ही नुसती भिंतीतली जागा नाही, ती दोन खात्यांच्या हद्दीची रेषा आहे. माणूस ती ओलांडतो, त्याची फाईल ओलांडत नाही.

या सगळ्यात मुंबई राज्यानं केलेली एक गोष्ट मात्र कामाची ठरली. 1959 चे रजेचे नियम. संचित रजा आणि अभिवचन रजा, म्हणजे बोलीभाषेतले फर्लो आणि पॅरोल. बातम्यांत हे शब्द येतात ते बहुधा कुणी बडा माणूस रजेवर आला किंवा कुणी पळाला म्हणून. पण या रजेचा हेतू घराशी नातं तुटू नये हा आहे. आईचं आजारपण, बहिणीचं लग्न, पडलेलं घर. माणूस मधून मधून घरी जात राहिला, तर दहा वर्षांनी तो दारात परका म्हणून उभा राहत नाही. सुटकेनंतरच्या नियोजनात एवढी स्वस्त आणि उपयोगी तरतूद दुसरी सापडणं कठीण.

ज्यांची तारीखच ठरलेली नाही

इथपर्यंतचा सगळा इतिहास शिक्षा झालेल्यांचा आहे. आणि आजची खरी अडचण तिथेच आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या आकडेवारीनुसार देशातल्या तुरुंगांत सुमारे 5 लाख 73 हजार माणसं होती. त्यातले सुमारे 4 लाख 34 हजार कच्चे कैदी. म्हणजे दर चारातल्या तिघांवर अजून गुन्हा सिद्ध झालेला नव्हता.

शिक्षा झालेल्याची सुटकेची तारीख निदान अंदाजे ठाऊक असते. तयारी करायला वेळ असतो. कच्च्या कैद्याची तारीख कुणालाच माहीत नसते. जामीन मंजूर होतो, कागद न्यायालयातून निघतो, तुरुंगाबाहेरच्या पेटीत ठरलेल्या वेळेआधी पडला तर त्याच दिवशी सुटका, नाहीतर उद्या. मुंबईत 2021 मध्ये एका गाजलेल्या प्रकरणात आर्थर रोडची ती पेटी सगळ्या देशानं टीव्हीवर पाहिली. त्या प्रकरणातल्या मुलाला न्यायला गाडी होती. दोन-अडीच वर्षं आत काढून अंधार पडताना बाहेर आलेल्या बिगारी कामगाराला कोण घ्यायला येतं? अटकेच्या वेळी असलेली भाड्याची खोली गेलेली असते. आधार कार्ड, रेशन कार्ड कुठे असतं कळत नाही. मोबाइलचा नंबर बंद पडलेला, त्यामुळे बँकेचा ओटीपी येत नाही. मुकादम नवा आलेला. आणि तारखेला न्यायालयात हजर राहायचं, नाहीतर वॉरंट.

खुली कारागृहं त्याच्यासाठी नाहीत. तुरुंगात शिकवलेलं सुतारकाम, विणकाम बहुतेक वेळा पक्क्या कैद्यांना. 2023 मध्ये केंद्रानं गरीब कैद्यांसाठी योजना आणली: जामिनाच्या रकमेसाठी 40 हजारांपर्यंत, दंडासाठी 25 हजारांपर्यंत मदत. पैशाअभावी अडकलेल्यासाठी ही मोठी गोष्ट आहे. पण ती त्याला फाटकापर्यंत आणते. फाटकाबाहेरचं काम टाटा समाजविज्ञान संस्थेचा 1990 पासून चालणारा 'प्रयास' प्रकल्प किंवा अशाच मोजक्या संस्था करतात. त्यांचे कार्यकर्ते कुटुंब शोधतात, कागदपत्रं काढून देतात, काही दिवसांचा निवारा आणि काम पाहतात. ज्या माणसापर्यंत ते पोचतात त्याचं नशीब. म्हणजे शंभर वर्षांनंतरही आपण बऱ्याच अंशी धर्मादाय मंडळाच्याच भरवशावर आहोत.

यावर एक रोखठोक आक्षेप नेहमी येतो. बाहेर पदवी घेतलेली पोरं बेकार आहेत, आणि तुम्ही कैद्याला नोकरी कुठली देताय? आक्षेपात राग आहे आणि तो खोटा नाही. पण त्याला आत ठेवावं की बाहेर सोडावं, असा पर्याय समाजापुढे नसतोच. जवळपास प्रत्येक कैदी कधीतरी बाहेर येतो. तो कुणाच्या तरी चाळीत, कुणाच्या तरी गावात येतो. तिथे त्याच्याजवळ एक बस तिकीट असावं की झोपायला जागा, ओळखपत्र आणि कामाची चिठ्ठी असावी, एवढंच ठरवायचं असतं.

आणि ते ठरवताना आपल्याकडे नमुना नाही असंही नाही. एक नमुना सोलापूरचा आहे: घर दिलं आणि नोंदवही हाती ठेवली. दुसरा आटपाडीचा: जमीन दिली, बायकामुलं सोबत ठेवली आणि पाठ वळवली तरी माणूस पळाला नाही. सरकारी आराखडे लिहिणाऱ्यांनी दोन्ही गावं एकदा पाहून यावीत. सोलापूरहून आटपाडीला जाऊन संध्याकाळपर्यंत परतता येतं.